बेडकुळीची वाट

मला जुना म्हणा, बोजड म्हणा, काठाचे टवके उडालेला म्हणा; पण मित्रांनो, गळका तेवढं म्हणू नका. मी अंघोळीचा टब आहे. ओतीव लोखंडाचा, वरून काचेसारख्या पांढऱ्या मुलाम्याचा. सध्या माझा मुक्काम एका घराच्या मागच्या बागेत, गळ्यापर्यंत मातीत आहे आणि माझ्यात अंघोळ करतात ते बेडूक. ते साबण मागत नाहीत, टॉवेल विसरत नाहीत, आणि "झालं का? किती वेळ?" म्हणून दारावर थापा मारणारं त्यांच्यामागे कोणी नसतं. एवढं सुख असूनही मला चैन नाही. बसून राहणं हा माझा जन्माचा धंदा, पण स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. अलीकडे तर मुळीच नाही.

माझा जन्म भट्टीतला. लाल झालेल्या माझ्या अंगावर चाळणीने काचेची पूड भुरभुरवली, ती वितळली, पसरली आणि निवता निवता चकाकू लागली. कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्या आतून तळहात फिरवला आणि म्हणाला, "वा! माशी बसली तर घसरून पडेल." हे मला मिळालेलं पहिलं कौतुक. पहिलं कौतुक माणसांना चढतं तसंच टबांनाही चढतं. त्यानंतर ज्याने ज्याने मला हात लावला, त्याने हेच म्हटलं. दुकानदाराने म्हटलं, गिऱ्हाइकाने म्हटलं, मला खांद्यावरून आत नेताना हमालांनी तर शिव्या देत म्हटलं. गुळगुळीत म्हणजे चांगला, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

ज्या घरात मी आलो, तिथे आई, वडील आणि दोन मुलं होती. अंघोळीच्या खोलीत माणसाची खरी किंमत कळते. बाहेर सगळ्यांवर डाफरणारे वडील पाण्यात बोट घालून "गार आहे ग!" म्हणून लहान मुलासारखे केविलवाणे व्हायचे. आई दाराला कडी लावून नुसती काठावर बसायची. अंघोळ तिची लवकर उरकायची, पण एकटं बसायला तिला घरात दुसरी जागा नव्हती. थोरली मुलगी हिशेबी. धाकट्या भावाचे पडलेले दुधाचे दात ती साबणाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायची. आणि धाकटा? त्याने माझ्या पाठीची घसरगुंडी केली. माझी एक बाजू टेकून बसण्यासाठी उतरती आहे. तिच्यावरून तो सुर्रकन खाली यायचा, पाणी भिंतीपर्यंत उडवायचा आणि मग साबणाच्या वडीने माझ्या अंगावर मोठी मोठी अक्षरं काढायचा. आईने पुसली की पुन्हा काढायचा.

पुढे दातांची डबी जपणारी मुलगी दातांच्या कवळ्या बनवू लागली आणि साबणाने अक्षरं काढणारा मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. ज्याचा त्याचा छंद ज्याच्या त्याच्या गळ्यात पडला, असं मी म्हणतो. आई-वडील गेले. घर थोरलीकडे, म्हणजे ताईकडे राहिलं. नहाणीत फवारा बसवायला आलेला नळवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे धूड भंगारात घालू?"

"नको," ताई म्हणाली. "मागे नेऊन ठेव. बघू."

या 'बघू'वर मी कितीतरी वर्षं काढली. माझ्यात मोडक्या खुर्च्या पडल्या, रिकाम्या कुंड्या पडल्या, एकदा तर एका मांजरीचं बाळंतपण झालं. मग एका सुट्टीत ताईला काय वाटलं कोण जाणे. तिने माणूस लावून खड्डा खणून घेतला, मला त्यात उतरवलं आणि बुडाचं भोक कवळीच्या मसाल्याने बुजवून टाकलं. हिरड्या करायचा तो गुलाबी मसाला. एकदा घट्ट झाला की दगड. तेव्हापासून माझ्या बुडाशी एक गुलाबी ठिपका आहे. वर पाणी, मध्ये कमळाची एक कुंडी, काठाने शेवाळ. झालं तळं!

तळं होणं सोपं नाही, मित्रांनो. टबात पाणी भरतं, वापरलं जातं, निघून जातं. तळ्यात ते राहतं, आणि राहिलं की त्यात माणसं सोडून सगळे येतात. उन्हाळ्यात माझं पाणी हिरवं होऊन खाली जायचं आणि चिमण्या कमळाच्या कुंडीच्या काठावर बसून वाकून प्यायच्या. पाऊस सुरू झाला की बेडूक यायचे. कुठून यायचे ते विचारू नका, मीही विचारत नाही. गळ्याचे फुगे करून असा गलका करायचे की समोरच्या खोलीत ताईने खिडकीत मांडलेले प्लास्टरचे जबडे टकटकायला लागतील की काय असं वाटावं. मग पाण्यात अंड्यांचे बुळबुळीत पुंजके, मग शेपटीवाली काळी पिल्लं, आणि पाऊस ओसरेपर्यंत पिल्लांना मागचे पाय, मग पुढचे. वर चतुर घिरट्या घालायचे. एखादा बगळा काठावर उभा राहून साळसूद चेहऱ्याने न्याहारी करायचा. थंडी पडली की सगळं चिडीचूप. मोठे बेडूक पालापाचोळ्याच्या ढिगात जाऊन निजायचे.

लहानांचं काय व्हायचं, ते ताईला कळत नव्हतं. "बगळ्याने खाल्ली असतील," ती म्हणायची. मला ते तेव्हाही पटायचं नाही. पण मला तोंड नाही आणि ताईला वेळ नाही.

मग पेंटर घरी आला. ताई धाकट्या भावाला लाडात आली तरी आणि चिडली तरी 'पेंटर'च म्हणते. एका दुकानाची पाटी रंगवताना त्याची शिडी सरकली, तो खाली आला आणि उजवा हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा आत हात होता खरा, पण दंडाची पार काडी झालेली. हातात कप धरला तरी थरथर. एकदा त्याने ब्रश धरून कागदावर रेघ ओढून पाहिली, ती रेघ बघितली, आणि ब्रश पेटीत ठेवून पेटी पलंगाखाली ढकलली. तो बागेत माझ्याजवळ स्टूल टाकून बसू लागला. बसायचा, उठायचा, फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा. त्याची ती तगमग जमिनीतून माझ्यापर्यंत यायची. एका बेचैनाला दुसरा बेचैन भेटला.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. चेहऱ्याने गोड, पण कामात कडक.

"काका, हात दुमडा. अजून. आता फुगवा. दिसतेय का बेडकुळी?"

"कसली बेडकुळी? डबक्यासकट आटली."

"येईल. रोज चेंडू दाबायचा. दाबताय ना?"

"दाबतो की."

"खोटं बोलतोय!" ताई खिडकीतून ओरडायची. "चेंडू गवतात पडलाय, त्याच्यावर गोगलगाय बसलीय!"

मित्रांनो, आता तुम्ही मला हसाल. दंड फुगवला की वर जो उंचवटा येतो त्याला बेडकुळी म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर आरशात बघून दंड फुगवणारे पुष्कळ पाहिले होते. पण माणूस नहाणीत एकटा असतो, तिथे तो फुगवतो, नाव घेत नाही. त्यामुळे मला वाटलं, बेडकुळी म्हणजे बेडकांतलीच कोणी नाजूक, लाडाची जात असावी आणि घरादाराने तिचीच वाट बघायला घेतलीय. रोज सकाळी ताई विचारायची, "आली का रे बेडकुळी?" पेंटर "नाही" म्हणायचा, आणि मी आपला दचकून माझं पाणी धुंडाळायचो. आली असेल आणि मला समजली नसेल तर?

एकदा पेंटर म्हणाला, "ताई, ती ब्रशांची पेटी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना देऊन टाक."

"का? ब्रश काय जेवायला मागतात?"

"पलंगाखालून माझ्याकडे बघतात."

ताई दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे झालेले. "थंडी पडेपर्यंत थांब," ती म्हणाली. "बेडकुळी आली तर पेटी इथेच राहील. नाही आली तर मी स्वतः नेऊन देईन, एक शब्द बोलणार नाही."

"तू आणि एक शब्द बोलणार नाहीस? लिहून दे."

"कुठे लिहू? तुझ्या दंडावर? जागा कुठाय तिथे?"

तो हसला नाही. मी मात्र त्या दिवसापासून आणखीच धास्तावलो. पेटी गेली की हा माणूस कशाला उरणार, हे मला साबणाच्या अक्षरांपासून माहीत होतं. आणि सगळं अडलं होतं कोणा एका बेडकुळीच्या येण्यावर!

पाऊस ओसरला. माझ्या काठाच्या खाली वीतभर अंतरावर जास्तीचं पाणी बाहेर जायचं एक भोक आहे, त्यामुळे कितीही पाणी ओता, मी काठोकाठ कधी भरत नाही. मोठ्या बेडकांना त्याचं काही नाही. कमळाच्या कुंडीवर चढायचं आणि तिथून काठावर उडी. पण त्या वर्षीच्या लहानग्यांना नुकते पाय फुटले होते, शेपट्या आखडत चालल्या होत्या. नखाएवढी ती पोरं; कुंडीवरून काठापर्यंतची उडी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. आता त्यांना पाण्यातला श्वास पुरत नव्हता, हवा हवी होती, जमीन हवी होती. ती माझ्या भिंतीला येऊन चिकटायची, दोन पावलं वर यायची आणि घसरायची. पुन्हा यायची, पुन्हा घसरायची. थकली की पोहायची, आणि फारच थकली की तेही नाही.

माशी बसली तर घसरून पडेल. ते कौतुक मला तेव्हा आठवलं.

ताईच्या लक्षात हे कधी आलं नसतं, कारण ताई कधी एका जागी बसली नाही. पेंटरच्या लक्षात आलं, कारण त्याला दुसरं कामच नव्हतं.

"ताई, इकडे ये. हे बघ. वर येतंय आणि घसरतंय."

"खेळत असेल."

"खेळ नाही हा." त्याचा आवाज बदलला. "शिडी सरकली तेव्हा मीही भिंतीला अशीच नखं लावली होती."

ताईने वाकून पाहिलं. मग तिच्या पद्धतीने कामाला लागली. अडगळीतून एक फळी आणली आणि माझ्या उतरत्या बाजूला तिरकी लावली. फळी क्षणभर थांबली, सरकली आणि पाण्यावर तरंगू लागली. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

"विटा टाकू का दोन?"

"आणि खालची पोरं चेंगरू देत? सोड, तुझं काम नव्हे हे." पेंटर उठून उभा राहिला. "अगं, एवढ्या गुळगुळीतावर काही ठरत नाही. रंगसुद्धा ठरत नाही. पाटी काचेची असली की आधी तिचा माज उतरवावा लागतो. घासून घासून."

माज! मला लागला तो शब्द. पण खोटा होता असं कुठल्या तोंडाने म्हणू?

"मग उतरव," ताई म्हणाली. "पॉलिश पेपर तुझ्या सामानात आहे. माझे हात मसाल्यात आहेत आणि कवळीवाले आजोबा येतायत. परवाची कवळी त्यांना टोचते म्हणे. ज्यांना मी टोचत नाही त्यांना माझ्या कवळ्या टोचतात."

पेंटरने आधी चहाच्या गाळणीने एकेक पोर उचलून पसरट घमेल्यात ठेवलं. घमेल्यात तळ्याचंच थोडं पाणी आणि मधोमध एक दगड. मग माझं पाणी अर्धं उपसलं आणि उतरत्या बाजूवर, लहानपणी जिथून तो घसरायचा तिथेच, घासायला सुरुवात केली. डाव्या हाताने जमेना. तो हात आयुष्यभर रंगाचा डबा धरण्यापलीकडे काही शिकलाच नव्हता. उजव्याने थोडं घासलं, दुखलं, थांबला, शिवी दिली, पुन्हा घासलं. त्या दिवशी घासलं, दुसऱ्या दिवशी घासलं, असे बरेच दिवस घासत राहिला. माझी चकाकी पांढऱ्या पिठासारखी खाली पडत होती. दुखलं का, म्हणाल तर दुखलं. पण तोपर्यंत मला घमेल्यातल्या पोरांची काळजी जास्त होती. बगळा कुंपणावर येऊन अंदाज घेत होता.

व्यायामवाली मुलगी आली. "काका, चेंडू?"

"आज वेळ नाही ग."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं, खिडकीतल्या ताईकडे पाहिलं. ताईने ओठांवर गुलाबी बोट ठेवलं. मुलगी गुपचूप घमेल्याजवळ बसून बगळ्याला हाकलत राहिली.

घासून झाल्यावर खडबडीत थर द्यायचा प्रश्न आला. रंग पाण्यात उतरला तर पोरं मरतील, म्हणून पेंटर अडला.

"माझा मसाला घे," ताई म्हणाली. "माणसं दिवसभर तोंडात ठेवतात आणि वर माझ्याशीच भांडतात. बेडकांना काय होणार? वाळला की दोनदा धुऊन काढ म्हणजे झालं. वरून वाळू टाक."

"लावू कशाने?"

"तुझ्या दाढी करायच्या ब्रशाने लाव. मला काय विचारतोस? पेंटर कोण आहे?"

तो आत गेला. पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज इथपर्यंत आला. बराच वेळ तो आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एक जुना, चपटा, केस झिजलेला ब्रश होता.

"मसाल्याने वाया जाईल हा."

"देऊनच टाकणार होतास ना?" ताई म्हणाली.

मसाला भरभर वाळतो, त्यामुळे त्याला थांबता येईना. ब्रश टेकला तेव्हा त्याच्या हाताची थरथर माझ्या लोखंडात उतरली. खालून वर एक पट्टा निघाला. वाकडातिकडा, गुलाबी, वाळूने खरखरीत.

"रेघ वाकडी जातेय, ताई."

"बेडूक काय पट्टी लावून बघणार आहेत?"

काठाच्या जरा खाली पोरांना पाय टेकायला एक आडवी रेघ हवी होती, ती त्याने ओढली. आणि थांबला. मित्रांनो, पाट्या रंगवणाऱ्याचा हात तो. शिरोरेषा ओढायची आणि खाली अक्षर नाही, हे त्याला सहन होईना. आडव्या रेघेखाली त्याने 'व' काढला. त्याला काना दिला. मग 'ट'. काना कललेला, 'ट'चं पोट एका बाजूला सुटलेलं. 'वाट'. तो मागे सरून बघत राहिला. पडल्यानंतरची ही त्याची पहिली पाटी. साबणाची अक्षरं आई पुसून टाकायची. ही पुसणारी नव्हती.

मला धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं, मग पाणी भरलं आणि पोरांना परत सोडलं. सगळी सकाळ कोणी वर आलं नाही. पेंटर स्टुलावरून उठे, बसे. माझाही जीव टांगणीला. दुपारी आभाळ भरून आलं, हवा ओलसर झाली, आणि एक पोर पट्ट्याला चिकटलं. एक पाऊल, दुसरं. घसरलं नाही. तिसरं. 'ट'च्या पोटात बसून त्याने दम खाल्ला, शिरोरेषेवर आलं आणि तिथून टुणकन उडी मारून काठावर ठेवलेल्या पेंटरच्या मनगटावर बसलं.

आतून नेहमीचा प्रश्न आला, "आली का रे बेडकुळी?"

"आली," पेंटर हळूच म्हणाला. "मनगटावर बसलीय."

"मनगटावर? शहाण्या, बेडकुळी दंडावर येते!" म्हणत ताई हातात कोणाचातरी जबडा घेऊन धावत बाहेर आली. पाहिलं. नखाएवढं बेडूक ऐटीत बसलेलं. ती जी हसत सुटली, ती जबडा धरून पायरीवरच बसली. पेंटरही हसला. त्याने बेडूक नीट बघायला हात दुमडून डोळ्यांजवळ नेला. तशी ताई हसायची थांबली. तिने एक बोट पुढे केलं आणि त्याच्या दंडावर टोचलं. तिथे लिंबाएवढा उंचवटा आला होता.

"आणि ही कोण?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेडकुळी आली होती, आणि माझं अंग घासता घासता आली होती!

थंडी पडली. पेटी घरातच राहिली, पण पलंगाखाली नव्हे, खिडकीत जबड्यांशेजारी. पेंटर आता शिडीवर चढत नाही. मोठ्या पाट्या गेल्या त्या गेल्याच. लहान पाट्या बसल्या जागी करतो, रेघ अजून कधीकधी थरथरते. कवळीवाले आजोबा परवा काठीवर वाकून माझ्या आत बघत म्हणाले, "अरेच्चा, पांढरं आणि गुलाबी! ताई, ही कवळी कोणाची? हसतेय बघा. माझी अशी का हसत नाही?"

"तुम्ही घालत नाही म्हणून," ताई म्हणाली.

आता मला कोणी गुळगुळीत म्हणत नाही. वाईट वाटतं थोडं, नाही असं नाही. पण मित्रांनो, तुमच्या अंगणात हौद असेल, पक्ष्यांसाठी कुंडी असेल, कडेला नुसता पाण्याचा डबा असेल, तर आत एक खडबडीत दगड असा टेकवा की नखाएवढ्या पायालाही त्याच्यावरून वर येता यावं. आपण पाणी ठेवलं म्हणून जीव येतात. त्यांना परत जाता येतं की नाही, हे आपण वाकून बघायला हवं. बसून बघा. घाईत ते दिसत नाही.

त्या वाटेने गेलेली पोरं पावसात परत येतील म्हणतात. अजून आलेली नाहीत. आज हवा जरा ओलसर लागतेय. तुम्ही जवळच आहात तर एवढं बघता का, काठावर कोणी बसलंय का? मला मान वळवता येत नाही.